सरासरीचं स्थैर्य: एका निबंधाचं आणि त्याच्या वाचकांचं परीक्षण



मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की 'प्रमाण' आणि 'अनुमान' यांवर बोलताना आम्ही नेहमी डोंगर, धूर आणि घटच घेऊन बसतो. एखादं रोजच्या वापरातलं उदाहरण घ्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज परीक्षणासाठी जो ग्रंथ घेतला आहे, तो तत्त्वज्ञानाचा नाही. खरं तर तो ग्रंथही नाही, एका परिषदेत वाचलेला निबंध आहे. 1976 साली अमेरिकेत क्लीव्हलँड इथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या परिषदेत तो मांडला गेला. लेखक दोन: कॅलटेकचे प्राध्यापक आर. डी. मिडलब्रुक आणि त्यांचे विद्यार्थी स्लोबोदान चुक. शीर्षक 'अ जनरल युनिफाइड अप्रोच टू मॉडेलिंग स्विचिंग-कन्व्हर्टर पॉवर स्टेजेस'.

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचा इथे काय संबंध? आमची पहिली पदवी पदार्थविज्ञानाची, आणि नोकरीतली बरीच वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तर्क आणि वैज्ञानिक पद्धती हा विषय शिकवण्यात गेली. पण खरा संबंध वेगळा आहे. या निबंधाच्या वाचनात एक चूक झाली, ती चूक आमच्या डोळ्यांदेखत झाली आणि तिच्यावर आमची सही आहे. ते ओघात सांगतोच. आधी विषय समजून घेऊ.

तुमच्या मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, लॅपटॉप, सौरपंप, विजेवर चालणारी स्कूटर, या सगळ्यांच्या पोटात एक यंत्रणा असते. ती डीसी व्होल्टेज घेते आणि दुसऱ्या मापाचं डीसी व्होल्टेज देते. जुन्या पद्धतीत जास्तीचं व्होल्टेज उष्णता म्हणून जाळून टाकायचे. नव्या पद्धतीत एक स्विच सेकंदाला हजारो, लाखो वेळा उघडतो आणि मिटतो, आणि त्याच्या जोडीला ऊर्जा साठवायला एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो. स्विच एका फेरीतला किती हिस्सा 'चालू' असतो त्याला ड्यूटी म्हणतात. व्होल्टेज वाढवणारा जो बूस्ट कन्व्हर्टर, त्यात हिशेब सोपा आहे: मिळणारं व्होल्टेज म्हणजे दिलेल्या व्होल्टेजला स्विचच्या 'बंद' हिश्श्यानं भागायचं. 12 व्होल्ट दिले आणि स्विच फेरीचा 0.6 हिस्सा चालू, 0.4 हिस्सा बंद ठेवला, तर 30 व्होल्ट मिळतात. हे 12 आणि 30 लक्षात ठेवा. पुढे पुन्हा लागतील.

आता अडचण बघा. स्विच चालू असताना परिपथ एक असतो, बंद असताना दुसराच. पहिल्या अवस्थेत कॉइल बॅटरीकडून ऊर्जा घेते आणि बाहेरच्या भाराशी तिचा संबंध नसतो. दुसऱ्या अवस्थेत ती साठवलेली ऊर्जा भाराकडे ओतते. दोन अवस्था, दोन समीकरणं, आणि त्यांच्यात सतत उड्या. मग या यंत्रणेचं एक समीकरण कोणतं? आणि समीकरणच नसेल तर ती स्थिर आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? मॅक्सवेलनं 1868 साली वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरांवर लिहिलं, तिथपासून स्थैर्य तपासायची गणिती परंपरा आहे. नायक्विस्टची कसोटी 1932 ची. पण हे सगळं अखंड चालणाऱ्या यंत्रणांसाठी. उड्या मारणाऱ्या यंत्रणेला ते कसं लावायचं?

मिडलब्रुक आणि चुक यांचं उत्तर इतकं साधं होतं की ते आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटावं. पहिल्या अवस्थेचं समीकरण घ्या, ते जितका वेळ लागू आहे तेवढ्या हिश्श्यानं गुणा. दुसऱ्याचं तसंच करा. दोन्ही मिळवा. झालं एक समीकरण. स्विच नाहीसा झाला! उरली एक अखंड, गुळगुळीत यंत्रणा, आणि तिच्यावर जुनी सगळी हत्यारं चालतात. याला स्टेट-स्पेस अॅव्हरेजिंग म्हणतात. आपण 'अवस्थांची सरासरी' म्हणू.

परीक्षण करायचं तर आधी गुण सांगायला हवेत, आणि ते मोठे आहेत. सरासरी म्हटलं की आपल्याला नदीत बुडालेल्या हिशेबनीसाची गोष्ट आठवते: सरासरी खोली कंबरेएवढी निघाली म्हणून सगळ्या कुटुंबाला नदीत उतरवलं. त्या गोष्टीनं सरासरीला फुकट बदनाम केलं आहे. मिडलब्रुक आणि चुक यांची सरासरी नुसती माहिती पुसत नाही, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवते. एक उदाहरण घेऊ.

आपल्या बूस्ट कन्व्हर्टरचं व्होल्टेज थोडं वाढवायचं आहे. काय कराल? ड्यूटी वाढवाल. पण ड्यूटी वाढवली म्हणजे स्विच जास्त वेळ चालू, म्हणजे कॉइल भाराकडे ऊर्जा ओतते तो वेळ कमी झाला. कॉइलमधला करंट वाढायला काही फेऱ्या लागतात. ओतायचा वेळ मात्र लगेच कमी होतो. म्हणून व्होल्टेज आधी खाली जातं आणि मग वर येतं. नियंत्रक उतावळा असेल तर तो या पहिल्या घसरणीलाच उत्तर देतो, ड्यूटी आणखी वाढवतो, व्होल्टेज आणखी घसरतं, आणि कारभार हाताबाहेर जातो. अभियंते याला राइट-हाफ-प्लेन झीरो म्हणतात. सरासरीच्या समीकरणातून तो नेमक्या सूत्रानं बाहेर पडतो: भाराचा रोध, गुणिले 'बंद' हिश्श्याचा वर्ग, भागिले कॉइलचं इंडक्टन्स. आपले 30 व्होल्ट 1 अँपिअरच्या भाराला जात असतील, म्हणजे रोध 30 ओहम, आणि कॉइल 500 मायक्रोहेन्रीची असेल, तर ही मर्यादा 1.5 किलोहर्ट्झच्या आसपास येते. आता बॅटरी उतरून 12 ऐवजी 10 व्होल्ट झाली तर? मर्यादा 1.1 किलोहर्ट्झच्या जवळ येते. 18 व्होल्ट दिले तर ती 3.4 पर्यंत वर जाते. नियंत्रकानं या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहायचं. म्हणजे ज्या नियंत्रकाची घाई 18 व्होल्टला चालून गेली, तीच 10 व्होल्टला महागात पडते.

हे ज्ञान सरासरीनं दिलं. नुसत्या स्विचकडे टक लावून बसलो असतो तर हे सूत्र हाती लागलं नसतं. तेव्हा 'सगळी प्रतिमानं शेवटी खोटीच' असं म्हणून हात झटकणारे जे लोक असतात, त्यांच्याशी आमचं जमत नाही. ते वाक्य विनयाचं वाटतं. प्रत्यक्षात तो आळस आहे. प्रतिमान कुठे खरं आणि कुठे नाही, ही रेघ ओढण्याचं काम त्यातून टळतं.

ती रेघ कुठे आहे? इथे आम्हाला आमच्या जुन्या घरी, न्यायशास्त्रात, जावं लागतं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला आहे त्यांना 'उपाधी' आठवेल. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. उलट केलं, अग्नीवरून धुराचं, तर चूक होते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. हे ओलं इंधन म्हणजे उपाधी: अनुमानात न सांगितलेली, पण ज्याच्यावाचून अनुमान उभं राहत नाही अशी अट. आणि उपाधीचा दोष हा की बऱ्याच वेळा निष्कर्ष खरा निघतो. खेडोपाडी चुलीत ओली लाकडं असतातच. म्हणून अट दिसत नाही. कोरडं इंधन येईपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

सरासरीची उपाधी कोणती? ज्या हालचालीबद्दल विचारताय, ती स्विचच्या फेरीच्या मानानं खूप सावकाश असली पाहिजे. मिडलब्रुक आणि चुक यांनी ही अट लपवलेली नाही. फिल्टरची नैसर्गिक वारंवारता स्विचिंगच्या वारंवारतेपेक्षा खूप खाली असावी, तरच जोड बरोबर येते, हे मांडणीतच आहे. इतकंच काय, शीर्षकाचे शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा: 'पॉवर स्टेजेस'. दावा आहे तो शक्तिवाहक भागाचा. त्याला फीडबॅकचं वेटोळं जोडल्यावर जी संपूर्ण यंत्रणा तयार होते, तिचा नाही. 'जनरल' आणि 'युनिफाइड' हे दोन शब्द मात्र मोठे, आणि पुढच्या पिढीनं तेवढेच घेतले. शेवटचे दोन गळाले. लेखकांवर आमचा आरोप असलाच तर एवढाच की शीर्षक ठेवताना विशेषणं उदार हातानं दिली. बाकी दोष वाचकांचा.

आता ती गोष्ट.

आम्ही तेव्हा 58 वर्षांचे होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा होती आणि अहवालांची मांडणी, तर्कशुद्धता वगैरे तपासायला आम्हाला परीक्षकांच्या शेजारी बसवलं होतं. महाविद्यालयाचं किंवा कुणाचं नाव घेत नाही. त्यानं काही साधणारही नाही. एका मुलानं बूस्ट कन्व्हर्टर बांधून आणला होता. 12 व्होल्टवरून 30. नियंत्रणासाठी 3843 ही चिप, स्विचिंग सेकंदाला 25 हजार वेळा. अहवालात सरासरीचं प्रतिमान, त्यावरून काढलेला बोडे आलेख, फेज मार्जिन 50 अंशांच्या वर. सगळं पुस्तकाबरहुकूम. पण एक पान जास्तीचं होतं. त्यावर लिहिलं होतं की कन्व्हर्टर बारीक शिट्टी वाजवतो.

मुख्य परीक्षकांनी मल्टिमीटर लावला. काटेकोर 30 व्होल्ट. कान लावला. शिट्टी नाही. आम्हीही कान लावला. शिट्टी नाही. मुलगा म्हणाला, "सर, अठरा व्होल्ट दिले की गप्प असतो. नॉब खाली आणत गेलं की पंधराच्या खाली सुरू होते. पुन्हा वर नेलं की बंद." त्यानं नॉब फिरवून दाखवला. दारात उभी असलेली त्याची मित्रमंडळी माना हलवत होती. त्यांना ऐकू येत होतं. आम्हा तिघांना नाही. ऑसिलोस्कोपवर त्यानं एक रुंद, एक अरुंद, एक रुंद, एक अरुंद अशा पल्सेसही दाखवल्या. परीक्षक म्हणाले, प्रोबचं ग्राउंडिंग नीट नाही, सोल्डरिंगही कच्चं दिसतंय. मार्जिन 50 अंश आहे ना, मग यंत्रणा स्थिरच आहे. हे पान काढून टाका. मुलानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, निरीक्षण आणि निष्कर्ष यांची गल्लत करू नये. केवढं भारदस्त वाक्य! पान काढलं गेलं. गुण बेताचे पडले. पत्रकावर तीन सह्या, तिसरी आमची.

आता 12, 15 आणि 18 या तीन आकड्यांनी तो मुलगा काय सांगत होता ते बघा. हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे.

त्यानं वापरलेली पद्धत करंट-मोड नियंत्रणाची. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती चर्चेत आली आणि पुढे घरोघरी पोहोचली. तिच्यात घड्याळाच्या ठोक्याला स्विच चालू होतो, कॉइलमधला करंट वाढत जातो आणि ठरवलेल्या मर्यादेला टेकला की स्विच बंद होतो. पुढच्या ठोक्यापर्यंत करंट उतरतो. करंट किती वेगानं चढणार हे कॉइलवरच्या व्होल्टेजवर अवलंबून: चढताना 12, उतरताना 30 वजा 12, म्हणजे 18. समजा एखाद्या फेरीच्या सुरुवातीला करंट 10 मिलिअँपिअरनं जास्त आहे. तो मर्यादेला लवकर टेकेल. जेवढा लवकर टेकला तेवढा जास्त वेळ उतरेल. चढाचा वेग 12 आणि उताराचा 18, म्हणून फेरीच्या शेवटी करंट 10 च्या दीडपट, म्हणजे 15 मिलिअँपिअरनं कमी असेल. पुढच्या फेरीला 22.5 नं जास्त. त्याच्या पुढे 33.75 नं कमी. चूक दर फेरीला बाजू बदलते आणि दीडपट होते. अखेर एक पल्स रुंद, एक अरुंद, अशा लयीत ती स्थिरावते. त्याहून पुढे ढकललं तर लयही मोडते आणि ज्याला गणितात केऑस म्हणतात ते वर्तन दिसतं. हॅमिल आणि जेफरीझ यांनी 1988 सालीच अशा कन्व्हर्टरांतल्या केऑसवर लिहिलं आहे.

आता 18 व्होल्ट द्या. चढ 18, उतार 12. चूक दर फेरीला दोन-तृतीयांश होते: 10, 6.7, 4.4, 3. विरून जाते. आणि 15 व्होल्ट? चढ 15, उतार 15. चूक वाढत नाही, विरतही नाही. हाच उंबरठा. मुलानं नॉब फिरवून नेमका हाच आकडा काढला होता.

आणि शिट्टी? एक रुंद, एक अरुंद म्हणजे दोन फेऱ्यांनी एक आवर्तन पूर्ण. 25 किलोहर्ट्झचं निम्मं, 12.5 किलोहर्ट्झ. 25 कुणालाच ऐकू येत नाही. 12.5 विशीतल्या कानाला स्वच्छ ऐकू येतं आणि साठीला टेकलेल्या बहुतेक कानांना नाही. मंडळी, त्या खोलीत खरं-खोटं ठरवण्याचा अधिकार ज्या तिघांना होता, त्या तिघांनाही ऐकू येत नव्हतं. ज्यांना ऐकू येत होतं ते दाराबाहेर उभे होते.

मल्टिमीटरही निर्दोष होता. त्यानं 30 दाखवले, कारण मल्टिमीटर सरासरीच मोजतो. म्हणजे प्रतिमान सरासरीचं, त्याची साक्ष काढायला आणलेलं उपकरण सरासरीचं, आणि दोघांचं एकमत झालं म्हणून आम्ही समाधानी. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरातले! स्विचिंगच्या निम्म्या वारंवारतेवरची लय ही सरासरीच्या उपाधीच्या बाहेरची गोष्ट. तिथे इंधन कोरडं आहे. त्या प्रतिमानाला हा प्रश्न विचारणंच चूक होतं, आणि आम्ही विचारलाही, उत्तरही घेतलं.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. कारण असताना कार्य दिसणं हा अन्वय, कारण नसताना कार्य न दिसणं हा व्यतिरेक. 15 च्या खाली शिट्टी, 15 च्या वर शांतता. नॉब खाली, नॉब वर. त्या मुलानं आमच्यासमोर अन्वय-व्यतिरेकाचा प्रयोग करून दाखवला. त्याच सत्रात आम्ही तो फळ्यावर शिकवला होता. कच्चं सोल्डरिंग काही नेमकं 15 व्होल्टला कच्चं होत नाही.

आता परीक्षणाकडे परत येऊ, कारण नुसता पश्चात्ताप ऐकायला तुम्ही आलेला नाहीत. हा दोष विद्याशाखेला माहीत नव्हता का? होता. करंट-मोडमधली ही 50 टक्क्यांपुढची अस्थिरता आणि तिचा उपाय, दोन्ही माहीत होते. उपाय असा की करंटची मर्यादा सपाट न ठेवता फेरीत पुढे जाऊ तशी उतरती ठेवायची. उताराच्या निम्म्या वेगानं, म्हणजे आपल्या उदाहरणात 9 नं, ती उतरवली तर चूक दर फेरीला 21 ला 9 या प्रमाणात कमी होते. शिट्टी बंद. त्यासाठी चिपमधल्या ऑसिलेटरच्या चढत्या लहरीचा थोडा अंश करंटच्या सिग्नलमध्ये मिसळायचा. दोन-चार रुपयांचे सुटे भाग लागतात. मुलाला कुणी एवढं सांगितलं असतं तर त्या एका पानाचं प्रकरण झालं असतं.

शिवाय मिडलब्रुक यांच्याच प्रयोगशाळेतून, त्यांचे विद्यार्थी ब्राउन यांच्यासह, 1981 साली नमुनाधारित प्रतिमानावर निबंध आला: यंत्रणेकडे अखंड न बघता, फेरीगणिक एकदा बघायचं. आपण आत्ता 10, 15, 22.5 असं मोजलं ते तेच. पुढे रिडली यांनी 1991 साली दोन्ही नजरा एका अखंड प्रतिमानात बसवल्या. त्यांच्या समीकरणात निम्म्या वारंवारतेवर एक जोडध्रुव येतो आणि ड्यूटी 50 टक्क्यांपुढे गेली की तो अस्थिर होतो. आमच्या मते रिडली यांचं काम हे 1976 च्या निबंधाचं सर्वोत्तम परीक्षण आहे. त्यांनी जुन्या प्रतिमानाला खोटं म्हटलं नाही. त्याची सीमा कुठे आहे ते दाखवलं आणि सीमेपलीकडे जायला पूल बांधला. टीका करायची तर अशी.

म्हणजे ज्ञान होतं. वर्गात पोहोचलं ते मात्र 'मार्जिन 45 अंशांच्या वर असलं की स्थिर' हे सूत्र. लक्षणाचे दोष मोजताना नैयायिक ज्याला अतिव्याप्ती म्हणतात तो हा दोष: व्याख्या इतकी सैल की अस्थिर यंत्रणाही तिच्यात आरामात बसते.

दुसरी एक गोष्ट मार्जिनच्या भाषेत मावत नाही. तीही मिडलब्रुक यांनीच, त्याच 1976 साली, दुसऱ्या एका निबंधात सांगितली. नियंत्रित कन्व्हर्टर बाहेर ठरलेली शक्ती देतो, म्हणून आतही ठरलेली शक्ती मागतो. आपला कन्व्हर्टर 30 वॉटचा. 12 व्होल्टला तो 2.5 अँपिअर घेतो. व्होल्टेज घसरून 10 झालं तर साधा भार करंट कमी करेल. हा 3 अँपिअर घेईल. म्हणजे लहान बदलांच्या दृष्टीनं त्याचा रोध ऋण आहे, उणे 4.8 ओहम. आता त्याच्यापुढे कुणी चांगल्या हेतूनं, गोंगाट गाळायला, कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर बसवला, तर तो ऋण रोध त्या फिल्टरच्या डोलण्याला शमवण्याऐवजी झोका देतो. फिल्टर एकटा स्थिर. कन्व्हर्टर एकटा स्थिर. दोघे मिळून अस्थिर. मिडलब्रुक यांची अट अशी की फिल्टरचा निर्गम-इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या आगम-इम्पिडन्सपेक्षा सगळीकडे बराच लहान असावा.

यातलं तत्त्वज्ञान आम्हाला त्या सूत्राहून मोठं वाटतं. आपण 'हे यंत्र स्थिर आहे' असं म्हणतो, जणू स्थैर्य हा घटाच्या लाल रंगासारखा गुण आहे, यंत्राला चिकटलेला. तसं नाही. स्थैर्य हा संबंध आहे: या यंत्राचा, या पुरवठ्याशी, या भाराशी, या तापमानात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं वाळत जातो, त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि कारखान्यात मोजलेलं मार्जिन पाच वर्षांनी तेच राहत नाही. प्रमाणपत्र मात्र तेच राहतं. आज विमानात, उपग्रहात, डेटा सेंटरमध्ये, विजेच्या गाड्यांत एका डीसी वाहिनीवर असे कितीतरी कन्व्हर्टर शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाचा रोध ऋण. प्रत्येकाचं प्रमाणपत्र वेगळं, आणि एकत्र नांदण्याचं प्रमाणपत्र बऱ्याचदा कुणाकडेच नसतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मग आमची मागणी काय? प्रतिमान टाकून द्या अशी नाही. कुणी 'स्थिर आहे' म्हटलं की तीन प्रश्न विचारा. कोणत्या प्रतिमानानुसार, आणि त्याची उपाधी कोणती? कोणत्या टोकांपर्यंत तपासलं: सर्वांत कमी व्होल्टेज, सर्वांत जास्त भार, जुना झालेला कपॅसिटर? आणि तपासणारं उपकरण प्रतिमानाच्याच जातीचं तर नाही ना? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सरासरीची साक्ष काढायला सरासरी मोजणारा मीटर बोलावू नका. ऑसिलोस्कोपवर एकेक पल्स बघा. भार झटक्यानं बदलून बघा. आणि तुमच्याहून तरुण कुणी 'आवाज येतोय' म्हणालं, तर आपल्याला येत नाही हा पुरावा समजू नका.

हे सगळं आम्हाला त्या परीक्षेच्या दिवशी माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर, काहीशा रिकामपणातून, आम्ही हा विषय वाचायला घेतला आणि एका संध्याकाळी वहीत 12, 18, दीडपट असं मांडताना हात थांबला. त्या मुलाचा पत्ता मिळवून पत्र लिहिलं. हिशेब मांडला, चूक कबूल केली. त्याचं उत्तर आलं, चार ओळींचं. शिट्टीचं कारण त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं, असं त्यानं लिहिलं. राग नाही म्हणाला. आणि शेवटी विचारलं होतं की ते पान अजून कुठे असेल का. त्याच्याकडे प्रत नाही.

आम्ही महाविद्यालयात जाऊन पाहिलं. अहवाल रद्दीत गेले होते. तेव्हा ते पान आम्हाला परत देता आलं नाही. त्यावर काय होतं, एवढं आज तुमच्यासमोर सांगता आलं, आणि ते या मालिकेत नोंदलं जाईल. 18 ला शांत, 15 ला उंबरठा, 12 ला शिट्टी. निरीक्षण बरोबर होतं.

पुढच्या वेळी 'उपाधी' हीच कल्पना वैद्यकातल्या निदानाला लावून पाहू. आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. विजेच्या क्षेत्रातल्या मंडळींनी आमचं कुठे चुकलं असेल तर तेही सांगा. आम्ही आता ऐकून घ्यायला शिकलो आहोत.